जावक रजिस्टरमधली एक नोंद

सोलापूरच्या पूर्व भागात चार तरुण मिळून एक पेज चालवतात. दोन मुली, दोन मुलगे. एक जण वडिलांच्या यंत्रमागावर बसतो, बाकीचे तिघं शिकतायत. पेजवर काय असतं, तर आज कुठल्या गल्लीला पाणी सुटणार, किती वाजता सुटणार आणि दाब कसा आहे. हे सगळं मराठीत आणि तेलुगूतही.

यात कसली आली बातमी, असं बाहेरच्याला वाटेल. पण उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून या शहरात येतं, आणि नळाला ते रोज येत नाही. उन्हाळ्यात चार-चार, पाच-पाच दिवस नळाकडे बघत काढलेली घरं इथं गल्लोगल्ली आहेत. विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजार विड्यांवर चालतो. पाणी अवेळी सुटलं की मांडीवरचं सूप खाली ठेवून घागरी भरायला उठावं लागतं, आणि कारखान्यात माल द्यायची वेळ हुकते. पाण्याची वेळ आधी कळली तर तिची मजुरी बुडत नाही. म्हणून ते पेज त्या भागातल्या जवळपास प्रत्येक घरातल्या कुणा ना कुणाच्या मोबाइलवर होतं.

२०२५च्या मे महिन्यात पेजवर गढूळ पाण्याचे दोन रील आले. काचेच्या बाटलीत नळाचं पाणी, मागे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीख दिसेल अशी, खाली गल्लीचं नाव. तिसरी पोस्ट म्हणजे तक्रारींची यादी होती: कुणी कोणत्या तारखेला कुठे तक्रार दिली, तक्रार क्रमांक काय, उत्तर आलं की नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत या तिन्ही पोस्ट भारतात दिसेनाशा झाल्या. पेज चालू होतं, बाकीच्या पोस्टही जागेवर होत्या. कंपनीचा एक ईमेल तेवढा आला: कायदेशीर मागणी आल्यामुळे हा मजकूर भारतात उपलब्ध नाही. मागणी कुणाची, कोणत्या कलमाखाली, कारण काय, यातलं काहीही त्यात नव्हतं.

मुलांनी सांगितलं म्हणून पेजचं नाव इथं देत नाही. ज्या कार्यालयाचा पुढे संबंध निघाला त्याचंही नाव देत नाही. माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्याच्या कामात मी त्यांच्याबरोबर होतो, आणि हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारणही त्याच कामातून आलं. इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपबद्दल आपण बोलतो तेव्हा दिल्ली, मोठ्या कंपन्या आणि उच्च न्यायालयं डोळ्यांपुढे येतात. गल्लीतल्या पेजची मुस्कटदाबी मात्र एखाद्या कार्यालयातल्या एका पत्राने होते, आणि ते पत्र कुणाला दाखवलं जात नाही. ते पत्र कागदावर बाहेर काढणं हीच इथली खरी लढाई होती.

भीती

पहिली लढाई घरातच झाली. दोघींपैकी एकीच्या आईने मोबाइल काढून घेतला. "बघा की, उद्या पोलिस दारात आले तर हिच्या लग्नाचं काय?" असं त्या मला म्हणाल्या. त्यांना खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. २०१२ साली पालघरमध्ये बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका मुलीला अटक झाली, आणि ते लिहिणं नुसतं आवडलं असं दाखवणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. ही गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे आणि घराघरांत लोकांना ती ऐकून माहीत आहे. त्यापुढचं मात्र फार कुणाला माहीत नसतं: त्याच अटकेतून याचिका उभी राहिली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह लिखाणाला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. हे सगळं त्या बाईंना समजावून सांगायला बराच वेळ लागला. त्यांनी शेवटी मोबाइल परत दिला तो एका अटीवर: लेकीचं नाव एकाही अर्जावर येणार नाही. ती अट आम्ही पाळली. सगळे अर्ज माझ्या आणि आणखी एका ज्येष्ठ कामगार कार्यकर्त्यांच्या नावाने गेले.

हे मी मुद्दाम लिहितोय. पोस्ट बंद करणाऱ्याला पुढे काहीच करावं लागत नाही, पुढचं काम भीती करते. कुणालाही अटक झाली नाही, कुणाला फोनही आला नाही, तरी पेजवर नंतर कितीतरी दिवस पाण्याच्या वेळेपलीकडे एक अक्षर पडलं नाही. त्या काळात गढूळ पाणी आलं तेव्हा लोकांनी फोटो पाठवले, ते मुलांच्या मोबाइलमध्येच राहिले.

व्हीपीएन नको

मुलांची पहिली कल्पना व्हीपीएनची होती. दुसऱ्या देशातून बघितल्यासारखं केलं की पोस्ट दिसते, तर ते कसं करायचं याचाच एक रील टाकू. दुसरी कल्पना नवं पेज काढून तोच मजकूर पुन्हा टाकायची. दोन्हीला मी विरोध केला आणि त्यावर चांगलाच वाद झाला. व्हीपीएन वापरणारा कॉलेजचा मुलगा पोस्ट बघेल, पण विडीच्या कारखान्यात रांगेत उभी असलेली बाई बघणार नाही, आणि पेज तिच्यासाठी होतं. शिवाय पोस्ट आडवाटेने दिसायला लागली की ती का बंद झाली हा प्रश्न विचारायचं कुणालाच कारण उरत नाही.

यंत्रमागावरच्या पोराने वेगळंच सुचवलं, आणि तेच झालं. बंद पडलेल्या जागेचा स्क्रीनशॉट काढून त्याखाली फक्त एवढंच लिहिलं की इथं अमुक तारखेच्या नळाच्या पाण्याचे फोटो होते, ते कुणाच्या मागणीवरून हटले हे आम्ही विचारत आहोत, उत्तर मिळालं की इथंच सांगू. ही पोस्ट कुणीही हटवली नाही. तक्रारींची यादी झेरॉक्स काढून किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत आणि विडी कारखान्याच्या फाटकाशी लावली, तीही मराठी-तेलुगूत.

झेरॉक्सचा एक गठ्ठा चार हुतात्मा चौकातही वाटला. त्या चौघांमधले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत. मे १९३० मध्ये सोलापुरावर मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. तिथे कागद वाटायचं मुलांनीच ठरवलं होतं, कुणी सांगावं लागलं नाही.

कायद्यात काय आहे

इथं थोडा कायदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच चाललं.

सरकारला इंटरनेटवरचा मजकूर बंद करायला दोन दरवाजे आहेत. पहिला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. तो फक्त केंद्र सरकारकडे आहे, आणि त्याची कारणं कलमातच मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि याबाबतच्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. हा आदेश पाळला नाही तर कंपनीच्या जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे कंपनी वाद घालत बसत नाही. २००९च्या नियमांप्रमाणे मजकूर टाकणाऱ्याला किंवा कंपनीला नोटीस द्यायची असते. सगळी मेख त्या 'किंवा'त आहे. कंपनीला नोटीस दिली की लिहिणाऱ्याला विचारायची गरज नाही, असा त्याचा सोयीचा अर्थ लावला जातो. वर याच नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय. या कारभाराला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर केंद्राला नोटीस काढली.

दुसरा दरवाजा त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब). यात खरं तर कुणाला आदेश द्यायची ताकदच नाही. मजकूर बेकायदा आहे असं सरकारने कळवूनही कंपनीने तो ठेवला, तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल कंपनीला मिळणारं कायद्याचं संरक्षण जातं, एवढंच ते म्हणतं. पण संरक्षण घालवायला कुठली कंपनी तयार होईल? २०२१च्या नियमांत ३६ तासांची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ पासून गृह मंत्रालयाचं 'सहयोग' नावाचं पोर्टल आलं, आणि असं कळवणं खालच्या पातळीवरून फार सोपं झालं. श्रेया सिंघलच्या निकालाने या कलमालाही कुंपण घातलं आहे: कळवायचं ते राज्यघटनेच्या कलम १९(२) मधल्या कारणांपुरतंच. त्या यादीत बदनामी आहे, न्यायालयाचा अवमान आहे, सुव्यवस्था आहे. 'लोकांचा गैरसमज होतो' हे कारण त्यात नाही.

मुलांना हे दोन दरवाजे नीट समजले तेव्हा प्रश्न अगदी लहान झाला. पोस्ट कोणत्या दरवाजाने गेली, आणि दरवाजा उघडला कुणी?

रजिस्टर

कंपनीला विचारून झालं. तक्रार अधिकाऱ्याकडून पोच आली, नंतर उत्तर आलं, त्यात पहिल्याच ईमेलमधली वाक्यं फिरवून लिहिली होती. मग माहिती अधिकार.

महाराष्ट्रात या अर्जाला एक अडचण आहे. २०१२च्या नियमदुरुस्तीपासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांतला असावा लागतो. मुलांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात आठ प्रश्न होते, आणि त्यातले सहा 'का' ने सुरू होत होते. 'का'ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण माहिती म्हणजे कार्यालयात जो कागद आहे तो. अधिकाऱ्याने स्पष्टीकरण लिहून देणं त्यात येत नाही. म्हणून प्रश्न बदलला: अमुक ते अमुक तारखेदरम्यान आपल्या कार्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुराबाबत कोणत्याही यंत्रणेला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती द्याव्यात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि असे अर्ज जिथे जिथे संबंध असू शकतो त्या सगळ्या कार्यालयांत.

उत्तरं तीन तऱ्हेची आली. एकाने कलम ६(३) दाखवून अर्ज दुसरीकडे ढकलला. एकाने तपासाला बाधा येईल म्हणून कलम ८(१)(ह) लावलं, आणि कोणता तपास ते सांगितलं नाही. तिसऱ्याने एका ओळीत संपवलं: "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही."

या तिसऱ्या उत्तरावर आमच्यातल्या त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी आयुष्यभर विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची प्रकरणं लढवली आहेत, आणि सरकारी कार्यालयाची त्यांची समज कुठल्याही वकिलापेक्षा पक्की आहे. ते म्हणाले, फाइल हरवते, पत्र सापडत नाही, पण पत्र बाहेर गेलं असेल तर जावकला नंबर पडल्याशिवाय जात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये अभिलेखाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. मग पत्र मागायचं सोडून आम्ही मे महिन्याचं जावक रजिस्टर बघायला मागितलं.

ते बघू दिलं. बहुधा यात काय सापडणार असं वाटून दिलं. लाल कापडी पाठीचं, लांब पानांचं रजिस्टर. रकाने नेहमीचेच: जावक क्रमांक, तारीख, कोणास पाठवले, विषय, शेरा. निविदा, रजा, वेतन, स्मरणपत्र यांच्या मधोमध एक ओळ होती, आणि तिच्या विषयाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: "समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकूर हटविणेबाबत." तारीख पोस्ट बंद होण्याच्या आधीची. पाठवलं होतं एका नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे अशा मागण्या कंपनीकडे पुढे पाठवायला नेमलेल्या अधिकाऱ्याला. दोघींपैकी जी आमच्याबरोबर आली होती, तिने वहीत जावक क्रमांक उतरवून घेतला आणि पानाच्या प्रमाणित प्रतीसाठी तिथेच आमच्या नावाचा अर्ज दिला. तिथला कारकून मदतीला तयार होता. त्याने स्वतःहून पुढची दोन पानंही उलटून दाखवली. कार्यालय म्हणजे एकच माणूस नसतो, हे अशा कामात कायम ध्यानात ठेवावं लागतं.

अपील

पहिल्या अपिलात आता जावक क्रमांक होता, त्यामुळे 'आढळून येत नाही' हे उत्तर टिकणं शक्यच नव्हतं. अपिलात तीन मुद्दे घेतले. कलम ४(१)(ड) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं देणं हे कार्यालयाचंच कर्तव्य आहे. तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच भगतसिंग प्रकरणात सांगितलं आहे. आणि काही भाग गोपनीय असलाच, तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून उरलेला द्यावा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालाचा आधार घेतला. तो इंटरनेट बंदीबद्दल आहे, पोस्टबद्दल नाही, पण हक्कावर गदा आणणारा आदेश लोकांपासून लपवता येत नाही हे तत्त्व तिथे स्पष्ट आलं आहे.

सुनावणी सप्टेंबरमध्ये झाली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला कर्नाटक उच्च न्यायालयाने 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीची याचिका फेटाळली, आणि मुलं खचली. एवढी मोठी कंपनी हरली तर आपण कोण, असं वाटणं साहजिक होतं. मला तो निकाल पटलेला नाही. अनेक हात एकाच वेळी मजकूर हटवायला सांगू शकतात, आणि लिहिणाऱ्याला त्यातलं एकही पत्र दिसत नाही, याला सोय म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. पण आमचं अपील त्या निकालावर अवलंबून नव्हतं. आम्ही पोर्टल बेकायदा आहे असं म्हणत नव्हतो, आमचा कागद मागत होतो.

अपिलीय अधिकाऱ्याने पत्राची प्रत द्यायला सांगितलं. सही करणाऱ्याचं नाव झाकलेलं, बाकी पत्र पूर्ण. एकच पान. तिन्ही पोस्टच्या लिंक, आणि कारण म्हणून एक वाक्य: या मजकुरामुळे नागरिकांमध्ये संभ्रम निर्माण होऊन कार्यालयाची प्रतिमा मलीन होत आहे. कलम ७९(३)(ब)चा उल्लेख होता. पाणी गढूळ नव्हतं, असं त्या पत्रात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

पुढे काय झालं

हे पत्र कंपनीला पाठवलं, सोबत श्रेया सिंघलमधला तो परिच्छेद आणि प्रश्न एकच: यातलं कोणतं कारण १९(२) मध्ये बसतं? मधल्या काळात, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, केंद्राने नियम बदलले. १५ नोव्हेंबरपासून असं कळवायचं तर केंद्रात किंवा राज्यात सहसचिव (तो नेमलेला नसेल तर संचालक) दर्जाच्या खालचा अधिकारी चालत नाही, पोलिसांत त्यासाठी खास अधिकार दिलेला उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, कायद्याचा आधार आणि नेमकी लिंक द्यावी लागते, आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने दर महिन्याला आढावा घ्यायचा असतो. हा बदल मी स्वागतार्ह मानतो, पण अपुरा. आढावा सरकारच सरकारचा घेणार, आणि पोस्ट लिहिणाऱ्याला कळवायचं बंधन त्यातही नाही.

नोव्हेंबर संपता संपता दोन्ही रील भारतात पुन्हा दिसू लागले. कंपनीने कारण दिलं नाही, जसं बंद करताना दिलं नव्हतं. तक्रारींच्या यादीची पोस्ट अजून बंदच आहे. तिच्यात एका कर्मचाऱ्याचा खासगी मोबाइल नंबर होता, आणि तो तिथे नको होता हे मुलांनीही मान्य केलं. त्यांनी नंबर वगळून यादी नव्याने टाकली, ती चालू आहे. पण एका नंबरसाठी चाळीसेक घरांच्या तक्रारी झाकायच्या, हे मला मान्य नाही.

रिट याचिकेचा विचार झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपांचं कारण आता उरलेलं नाही. तरी मुलांनी तूर्त नाही म्हटलं. दोघींच्या परीक्षा आहेत, आणि याचिकेत नाव द्यावं लागतं. त्या आईला दिलेला शब्द अजून तसाच आहे.

सुटलेला एक धागा मात्र आम्ही सोडलेला नाही. नोडल अधिकाऱ्याकडे गेलेलं ते पत्र तिथून कंपनीपर्यंत कुणाच्या सहीने गेलं, तो कागद मिळालेला नाही. तिथेही कलम ८(१)(ह) लावलं, पहिलं अपीलही फेटाळलं. त्यावरचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे ९० दिवसांच्या मुदतीत दाखल केलं आहे. अपिलासोबत रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत जोडली आहे, आणि मागणीत त्या यंत्रणेचं मे महिन्याचं आवक आणि जावक, दोन्ही रजिस्टरं पाहायला मिळावीत असं लिहिलं आहे.